सरबत, ज्यूस आणि कोल्ड्रिंकमधली साखर प्रयोगशाळेत कशी मोजायची

लहान फळप्रक्रिया उद्योगाकडून नमुना येतो, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘साखर किती ते सांगा.’ या प्रश्नाची निदान चार उत्तरं आहेत. विरघळलेले एकूण घन पदार्थ हवे असतील तर रिफ्रॅक्टोमीटर (द्रावणात प्रकाश किती वाकतो ते मोजणारं यंत्र) पाच मिनिटांत काम करतो. लेबलवर छापायला एकूण साखर हवी असेल तर टायट्रेशन (ब्युरेटमधून थेंबथेंब सोडून मोजणं) करावं लागतं. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज वेगवेगळं हवं असेल तर एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं क्रोमॅटोग्राफी यंत्र) किंवा एन्झाइम किट लागतं. आणि ‘वरून घातलेली साखर’ विचारली असेल, तर कुठल्याही यंत्रापेक्षा त्यांच्याच कारखान्यातली बॅचची वही जास्त खरं सांगते. एफएसएसएआयच्या (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबलिंग नियमांत एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन आकडे मागितले आहेत, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न हल्ली वारंवार येतो.

तेव्हा आधी फोन करून विचारा, की आकडा कशासाठी हवा आहे. पद्धत त्यावरून ठरते.

इथे सर्वांत जास्त जागा लेन-आयनन टायट्रेशनला दिली आहे. ही पद्धत १९२३ ची आहे. फेलिंगच्या निळ्या द्रावणातलं तांबं साखरेमुळे लाल होऊन खाली बसतं, आणि ठरावीक द्रावणाला किती नमुना पुरला त्यावरून साखर काढतात. ब्युरेट, शेगडी आणि नीट धुतलेली काचेची भांडी एवढ्यावर ती होते, आणि हात बसला की आकडे लेबलच्या कामाला पुरेसे चोख येतात.

नमुना हातात आल्यावर

कोल्ड्रिंकमधला गॅस आधी पूर्ण काढायचा. बाटली उघडून एका बीकरमधून दुसऱ्यात उंचावरून ओतत राहा, किंवा मॅग्नेटिक स्टररवर अर्धा तास ठेवा. अल्ट्रासॉनिक बाथ असेल तर काम लवकर होतं. पिपेटच्या टोकाशी एक जरी बुडबुडा चढताना दिसला तरी अजून थांबा. तो बुडबुडा जागा खातो, २५ मिलीच्या जागी साडेचोवीस येतात आणि उत्तर दोन टक्क्यांनी घसरतं. गॅस काढण्यासाठी नमुना तापवायचा मोह टाळा. पेय आम्लयुक्त असतं आणि आम्ल व उष्णता एकत्र आले की सुक्रोज फुटायला लागतं, म्हणजे त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं.

आंब्याच्या किंवा पेरूच्या पेयात गर असतो. बाटली उलटसुलट करून एकजीव करा आणि पिपेटच्या नादी न लागता सरळ २५ ग्रॅम वजन करून घ्या. गराने पिपेटचं तोंड तुंबतं, भिंतीला थर राहतो आणि प्रत्येक वेळी वेगळं प्रमाण पडतं. वजनावर घेतलं की उत्तर दर १०० ग्रॅमला येईल. दर १०० मिलीला हवं असेल तर घनता मोजून गुणा.

उसाच्या रसाला वेळेचं बंधन फार कडक आहे. रसवंतीतून घेतलेला रस दुपारच्या उन्हात दोन-तीन तास राहिला तर त्यातले जंतू आणि इन्व्हर्टेज एन्झाइम साखरेचं रूप बदलून टाकतात. असा नमुना बर्फात ठेवूनच आणायचा आणि आल्या आल्या चाचणी लावायची. जमत नसेल तर गोठवून ठेवायचा.

ब्रिक्स आणि साखर

१ अंश ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम सुक्रोज. ही व्याख्या फक्त सुक्रोज आणि पाणी यांच्यापुरती खरी आहे. पेयात साखरेसोबत आम्ल, क्षार, पेक्टिन, रंग सगळंच विरघळलेलं असतं आणि रिफ्रॅक्टोमीटर त्या सगळ्यांमुळे प्रकाश किती वाकला एवढंच बघतो. साध्या गोड सरबतात फरक थोडा पडतो. लिंबाच्या रसात मात्र ब्रिक्स ८ दिसेल आणि साखर दोनेक टक्केच असेल, बाकी बहुतेक सायट्रिक आम्ल. कोकणातल्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, गत याहून वाईट. आगळात मीठ भरपूर असतं, आणि १० टक्के मिठाचं नुसतं पाणीसुद्धा रिफ्रॅक्टोमीटरवर १२ च्या आसपास रीडिंग देतं. आगळाचं ब्रिक्स बघून ‘यात साखर घातली आहे’ असा शेरा मारणं म्हणजे उत्पादकावर अन्याय. कोकम अमृत, म्हणजे साखर घातलेलं सिरप, हा वेगळा पदार्थ आहे. तिथे ब्रिक्स उपयोगी पडतं.

रीडिंग घेताना आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावा. नमुना गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून दोन थेंब प्रिझमवर ठेवा आणि तापमान एकसारखं व्हायला अर्धा मिनिट द्या. मापनाचं तापमान २० अंश सेल्सिअस धरलेलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात खोली ३० अंशांवर असते. त्या तापमानाला, १० च्या आसपासच्या ब्रिक्सवर, रीडिंग सुमारे पाऊण अंशाने कमी येतं, म्हणून तेवढं मिळवावं लागतं. यंत्रात आपोआप तापमान-दुरुस्ती असेल तर हे पुन्हा मिळवू नका. दुहेरी दुरुस्ती ही नव्या लोकांची हमखास चूक आहे. लिंबासारख्या आंबट रसात दर १ टक्का सायट्रिक आम्लामागे साधारण ०.२ अंश मिळवतात, कारण आम्ल स्वतःच्या वजनापेक्षा कमी रीडिंग देतं. साध्या पेयात आम्ल ०.३ टक्के असतं, तिथे ही दुरुस्ती सोडून दिली तरी चालतं.

ब्रिक्स वजनावर असतं, लेबल घनफळावर. १२ ब्रिक्सच्या साखरपाण्याची घनता सुमारे १.०४६, म्हणून १०० मिलीत १२.५६ ग्रॅम साखर. अर्ध्या ग्रॅमहून जास्त फरक नुसता एकक बदलल्याने पडतो.

फेलिंगचं द्रावण

फेलिंग ‘ए’: ६९.२८ ग्रॅम शुद्ध मोरचूद (पाच पाण्याचं कॉपर सल्फेट) डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून १ लिटर करा. फेलिंग ‘बी’: ३४६ ग्रॅम रोशेल सॉल्ट (सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट) आणि १०० ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून १ लिटर. कॉस्टिक घालताना भांडं थंड पाण्यात ठेवा. द्रावण एक दिवस तसंच राहू द्या आणि मग गाळा. ‘बी’ साठी रबराचं बूच लावा. काचेचं बूच असं घट्ट बसतं की बाटलीचा गळाच तोडावा लागतो. दोन्ही द्रावणं कधीही आधी मिसळून ठेवायची नाहीत. मिसळलेल्या द्रावणातलं तांबं नुसतं उभं राहूनही हळूहळू कमी होत जातं.

या द्रावणाची ताकद पुस्तकातून न घेता स्वतः मोजायची. ९.५ ग्रॅम शुद्ध सुक्रोज थोड्या पाण्यात विरघळवा, ५ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घाला आणि १०० मिलीपर्यंत आणा. २० ते २५ अंशांना तीन दिवस राहू द्या, मग १ लिटर करा. ९.५ ग्रॅम सुक्रोज फुटताना पाणी घेतं आणि बरोबर १० ग्रॅम इन्व्हर्ट साखर (ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण) होते, म्हणून दर मिलीत १० मिलिग्रॅम. हा साठा आम्लात बराच टिकतो. वापरताना २५ मिली घेऊन कॉस्टिकने उदासीन करा आणि १०० मिलीपर्यंत आणा. आता दर मिलीत २.५ मिलिग्रॅम झाले. खाली दिल्याप्रमाणे १० मिली फेलिंगवर (५ मिली ‘ए’ अधिक ५ मिली ‘बी’) हे टायट्रेट करा. २०.४ मिली लागलं तर फॅक्टर, म्हणजे १० मिली फेलिंगला पुरणारी साखर, २०.४ × २.५ = ५१.० मिलिग्रॅम. ५१ च्या अवतीभवती उत्तर आलं नाही तर मोरचुदाचं वजन किंवा सुक्रोजचं फुटणं यांपैकी कुठेतरी गडबड आहे. आकडा तसाच वापरून पुढे जाऊ नका.

नमुना निवळणं आणि फोडणं

पारदर्शक कोल्ड्रिंक असेल तर निवळायची गरज नाही. गर असलेल्या ज्यूसमधली प्रथिनं, पेक्टिन आणि टॅनिन काढावी लागतात. जुन्या रिवाजाने न्यूट्रल लेड अ‍ॅसिटेट घालतात आणि जास्तीचं शिसं पोटॅशियम ऑक्झलेटने खाली बसवतात. अजून अनेक कॉलेजांत हेच शिकवतात. शिसं सिंकमध्ये जातं आणि ऑक्झलेट कमी पडलं तर फेलिंगमध्येही उतरतं. माझा कौल कॅरेझ द्रावणांना आहे. पहिलं, १५ टक्के पोटॅशियम फेरोसायनाइड. दुसरं, ३० टक्के झिंक सल्फेट.

२५ मिली (किंवा ग्रॅम) नमुना २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्या, निम्म्यापर्यंत पाणी घाला, पातळ कॉस्टिकने जवळपास उदासीन करा. ५ मिली पहिलं कॅरेझ घालून फिरवा, मग ५ मिली दुसरं. पांढरट गठ्ठे दिसतील. पाणी घालून फ्लास्कची खूण गाठा, हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि कोरड्या गाळणकागदातून कोरड्या फ्लास्कमध्ये गाळा. पहिले दहा-वीस मिली फेकून द्या. हे झालं द्रावण १, मूळ नमुन्याच्या दहापट पातळ. यात नमुन्यातली मुळातली रिड्युसिंग साखर, म्हणजे फेलिंगच्या तांब्यावर थेट काम करणारी ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी साखर, मोजायची.

सुक्रोज फेलिंगला दाद देत नाही. त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करावं लागतं. द्रावण १ मधले ५० मिली दुसऱ्या २५० मिली फ्लास्कमध्ये घ्या आणि समभाग पाणी घातलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिली घाला. घाई नसेल तर खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवा. हे सर्वांत सुरक्षित. घाई असेल तर ६८ ते ७० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा, थर्मामीटर फ्लास्कच्या आत हवा, आणि आतलं तापमान गाठल्यावर पाच मिनिटांनी बाहेर काढून लगेच थंड करा. जास्त वेळ राहिलं तर आधी फ्रुक्टोज जळतं आणि उत्तर कमी येतं.

आता उदासीन करणं. १० मिली आम्लाला २० टक्के कॉस्टिक सुमारे १२ मिली लागतं. पहिले १० मिली घालून थंड करा, मग फिनॉल्फ्थेलिनचे दोन थेंब टाकून पातळ कॉस्टिकने फिकट गुलाबी छटा येईपर्यंत थेंबथेंब जा, आणि आम्लाच्या एका थेंबाने ती छटा घालवा. अल्कली जास्त झालेली साखर गरम अवस्थेत पिवळी पडत जाते, म्हणून इथे रेंगाळायचं नाही. खोलीच्या तापमानाला आल्यावर खूण गाठा. हे द्रावण २, मूळच्या ५० पट पातळ.

टायट्रेशन

ब्युरेटचं टोक फ्लास्कच्या तोंडाच्या थेट वर नसेल अशी मांडणी करा, नाहीतर वाफेने ब्युरेट तापते आणि रीडिंग बिघडतं. रबरी नळीने टोक बाजूला वळवलेलं चांगलं.

आधी अंदाज घ्यायचा. २५० मिली कॉनिकल फ्लास्कमध्ये ५ मिली ‘ए’, ५ मिली ‘बी’, थोडं पाणी आणि दोन-तीन काचमणी. ब्युरेटमधून १५ मिली नमुना सोडून उकळा. गडद निळा रंग राहिला तर एकेक मिली घालत जा. निळा फिका पडल्यावर १ टक्का मेथिलीन ब्लूचे तीन-चार थेंब टाका आणि रंग जाईपर्यंत पुढे जा. हा अंदाजी आकडा.

खरं टायट्रेशन दुसऱ्या फ्लास्कमध्ये. अंदाजापेक्षा अर्धा-एक मिली कमी नमुना थंड फेलिंगमध्येच एकदम सोडा. शेगडीवर ठेवा आणि उकळी फुटली की घड्याळ लावा. बरोबर दोन मिनिटं मध्यम उकळू द्या. मग मेथिलीन ब्लू टाका आणि उकळी न थांबवता दोन-तीन थेंब एका वेळी सोडत पुढच्या एका मिनिटात संपवा. एकूण उकळण्याची वेळ तीन मिनिटं. शेवटचा टप्पा डोळ्यांनी ओळखायचा आहे: वरच्या कडेची निळी झाक जाते आणि आतला सगळा पसारा विटकरी लाल दिसतो. उकळी थांबली की हवा आत शिरते आणि मेथिलीन ब्लू पुन्हा निळा होतो. तो निळा पाहून आणखी नमुना सोडू नका. उकळी अखंड ठेवण्यामागे कारण तेच, वाफ हवेला बाहेर ठेवते.

दोन टायट्रेशनमधला फरक ०.१ मिलीपर्यंत असावा. रीडिंग १५ आणि ५० मिलीच्या मध्ये यायला हवं. १५ च्या खाली आलं तर नमुना आणखी पातळ करा, ५० च्या वर गेलं तर कमी पातळ करून पुन्हा बसा.

हिशेब

एक उदाहरण घेऊ. संत्र्याचं पेय, २५ मिली नमुना, फॅक्टर ५१.०.

द्रावण १ चं रीडिंग १७.० मिली. ५१.० ÷ १७.० = ३.० मिलिग्रॅम दर मिली. दहापट केल्यावर ३०, म्हणजे १०० मिलीत ३.०० ग्रॅम रिड्युसिंग साखर.

द्रावण २ चं रीडिंग २२.४ मिली. ५१.० ÷ २२.४ = २.२७७. पन्नासपट ११३.८, म्हणजे १०० मिलीत ११.३८ ग्रॅम, सगळी इन्व्हर्ट स्वरूपात.

सुक्रोज = (११.३८ − ३.००) × ०.९५ = ७.९६ ग्रॅम. ०.९५ ने गुणायचं कारण सुक्रोज फुटताना घेतलेलं पाणी वजा करायचं आहे.

एकूण साखर = ३.०० + ७.९६ = १०.९६ ग्रॅम दर १०० मिली. ११.३८ हा आकडा ‘एकूण साखर’ म्हणून छापलेला मी अनेक रिपोर्टांत पाहिला आहे. तो ‘एकूण साखर, इन्व्हर्ट म्हणून’ आहे, आणि तसं लिहिलं तरच बरोबर.

आता रिफ्रॅक्टोमीटरकडे परत जा. १०.९६ ला घनतेने (इथे साधारण १.०४१) भागलं तर १०.५ ग्रॅम दर १०० ग्रॅम. या पेयाचं ब्रिक्स १०.५ पेक्षा थोडं जास्त, १०.७ ते ११ च्या दरम्यान असावं. ब्रिक्स साखरेपेक्षा कमी आलं तर दोन्हींपैकी एक मापन चुकलं आहे, कारण भाग संपूर्णापेक्षा मोठा असू शकत नाही. ही तपासणी फुकट आहे आणि मी तिच्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही. उलट ब्रिक्स फारच वर असेल तर मीठ, आम्ल किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) शोधायला लागा.

दर बॅचबरोबर १० टक्के सुक्रोजचं साधं द्रावणही याच वाटेने न्या. द्रावण २ चं रीडिंग २४.२ मिलीच्या जवळ यायला हवं. जास्त लागलं तर फोडणं अपुरं राहिलं आहे.

ही पद्धत कुठे फसते

फेलिंग साखर ओळखत नाही, तांब्याला रिड्यूस करणारं जे काही असेल ते मोजतो. क जीवनसत्त्व त्यातलंच एक. संत्र्याच्या ज्यूसमध्ये त्याचा परिणाम नगण्य, आवळ्याच्या रसात मात्र दखल घ्यावी लागते. ताकाच्या किंवा दुधाच्या पेयात लॅक्टोजही मोजलं जातं. एनर्जी ड्रिंकमध्ये ग्लुकोज सिरप असेल तर त्यातलं माल्टोज आणि लांब साखळ्या फेलिंगवर अर्धवट उत्तर देतात आणि सौम्य आम्लात फुटतही नाहीत. अशा नमुन्याला टायट्रेशन लावूच नका. ‘शुगर फ्री’ पेयातले गोडवा देणारे पदार्थ इथे दिसत नाहीत, ते योग्यच आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून उत्पादक वारंवार भांडतात. बाटलीतल्या आम्लात सुक्रोज साठवणीतही फुटत राहतं. आज भरलेल्या आणि चार महिने दुकानात राहिलेल्या बाटलीत रिड्युसिंग साखर वेगळी येणारच, आणि फुटताना पाणी जोडलं जात असल्याने एकूण साखरेचं वजनही किंचित वाढतं. रिपोर्टवर उत्पादनाची तारीख आणि चाचणीची तारीख दोन्ही लिहा, निम्मे फोन कमी होतील.

एचपीएलसी आणि बाकीचे मार्ग

साखर अल्ट्राव्हायोलेट प्रकाश नीट शोषत नाही, म्हणून रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स डिटेक्टर लागतो. अमिनो कॉलमवर अ‍ॅसिटोनायट्राइल आणि पाणी ७५:२५ किंवा ८०:२० ठेवलं की फ्रुक्टोज आधी, मग ग्लुकोज, मग सुक्रोज बाहेर येतं. कॅल्शियम रूपातल्या आयन कॉलमवर ८० ते ८५ अंशांना नुसतं पाणी चालतं आणि क्रम उलटा होतो, सुक्रोज पहिलं. अ‍ॅसिटोनायट्राइलचा खर्च बघता दुसरा मार्ग स्वस्त पडतो. नमुना ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून गाळायचा. हा डिटेक्टर तापमानाला फार हळवा, एसी चालू-बंद झाला की बेसलाइन डोलते, म्हणून यंत्र सुरू करून निदान तास-दोन तास स्थिर होऊ द्या.

एन्झाइम किटमध्ये हेक्सोकायनेज आणि जी-६-पीडीएच या एन्झाइमांच्या साहाय्याने तयार झालेलं एनएडीपीएच हे संयुग ३४० नॅनोमीटरवर मोजतात. फ्रुक्टोजसाठी आयसोमरेज, सुक्रोजसाठी आधी इन्व्हर्टेज. नमुने थोडे असतील आणि यंत्र फक्त स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर हे उत्तम, पण किटला मुदत असते.

साखर कारखान्यातला पोलारिमीटर पेयांना चालत नाही. सुक्रोज प्रकाश उजवीकडे वळवतं, फ्रुक्टोज डावीकडे, आणि मिश्रणात दोघं एकमेकांना खोडतात. डीएनएसए (रंगाच्या गडदपणावरून रिड्युसिंग साखर मोजायची पद्धत) कॉलेजच्या प्रॅक्टिकलला ठीक आहे. लेबलसाठी नको.

वरून घातलेल्या साखरेचं काय? रेणू एकच असल्याने सुक्रोज फळातलं की पोत्यातलं हे वरच्या कुठल्याही पद्धतीला कळत नाही. कार्बनच्या समस्थानिकांवरून काही अंशी कळतं. ऊस सी-४ वनस्पती आहे, संत्रं, आंबा, सफरचंद सी-३ (हवेतला कार्बन पकडण्याच्या या दोन वेगळ्या तऱ्हा). त्यांच्या साखरेत कार्बन-१३ चं प्रमाण वेगळं असतं. भारतातली साखर उसाची, त्यामुळे ‘१०० टक्के ज्यूस’ म्हणून विकलेल्या बाटलीतली भेसळ या मार्गाने पकडता येते. बीटची साखर घातलेली असेल तर हा मार्ग हरतो, बीटही सी-३ आहे. आयसोटोप रेशो मास स्पेक्ट्रोमीटर मोजक्याच ठिकाणी असतो, तेव्हा नमुना तिकडे पाठवण्याआधी खर्च ग्राहकाला सांगा.

कामानंतर फेलिंगचा गाळ आणि उरलेलं निळं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. तांब्यासाठी वेगळा कॅन ठेवा. कॅरेझचा गाळही आम्लाच्या कॅनमध्ये कधीच टाकायचा नाही, फेरोसायनाइड आणि तीव्र गरम आम्ल एकत्र आले तर विषारी हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. लेड अ‍ॅसिटेट अजून वापरत असाल तर तिसरा कॅन, ठळक लेबल लावून.